पंचवीस थाऊ

ओडेट मेलोशला शोमोदी मास्तरांच्या डोळ्यांचं कळलं तेव्हा तिला कामाला लागून आठवा महिना चालू होता. तोवर तिची समजूत अशी की मास्तर आपल्याला शिकवतायत.

कॅनडातल्या विंडसरच्या क्विलन टूल या कारखान्यात ती पंच्याऐंशीच्या सप्टेंबरात शिकाऊ म्हणून लागली. मोटारींचे पत्र्याचे भाग ज्या पोलादी साच्यांत दाबून काढतात ते साचे, म्हणजे डाय, तिथे बनत. ओडेटचं वय तेव्हा अठ्ठावीस. त्याआधी आठ वर्षं तिनं मोटारींच्या सीटा शिवल्या होत्या. तो कारखाना बंद पडला, आणि त्याच सुमाराला बायकांना मशीनवर घेणाऱ्या मालकांसाठी सरकारनं एक योजना काढली, तिच्यात तिचा नंबर लागला. क्विलनमध्ये चाळीस पुरुष होते आणि बायकांसाठी संडास नव्हता. ऑफिसातल्या टायपिस्टबाईंकडून किल्ली मागून आणावी लागे. ती किल्ली आणायला निघाली की लेथवरचा डेल हॅचर सगळ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडायचा, "वाट सोडा रे, बाईसाहेबांची स्वारी निघाली!"

फोरमन वेन टुलीनं तिला शोमोदींच्या हाताखाली दिलं, कारण दुसरं कोणी तिला घ्यायला तयार नव्हतं आणि शोमोदींच्या हाताखाली कोणी टिकत नव्हतं. दोन्ही कटकटी त्यानं एका कोपऱ्यात लावून दिल्या.

ग्युला शोमोदी हंगेरीतले. छपन्नचा उठाव चिरडला गेल्यावर त्या हिवाळ्यात बायकोला घेऊन चालत सरहद्द ओलांडली, आणि सत्तावन्नपासून क्विलनमध्येच. वय साठ, बुटका बांधा, जाड मान. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघायचे नाहीत. त्याच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी नजर लावायचे. कारखान्यातले लोक म्हणत, म्हातारा आपल्याला खिजगणतीत धरत नाही.

पहिले तीन आठवडे त्यांनी ओडेटकडून फक्त कानस चालवून घेतली. पोलादाचा एक ठोकळा दिला आणि सांगितलं, सहाही बाजू सपाट आणि काटकोनात कर. ती करायची, ते अंगठ्याचं नख कडेवरून फिरवायचे आणि ठोकळा परत व्हाइसमध्ये ठेवायचे. "डावीकडे चढ आहे." ओडेटला तो चढ दिसत नव्हता, मोजूनही जेमतेम सापडायचा. तळहाताला फोड आले, फुटले, तिथे घट्टे पडले. मग एके दिवशी ते म्हणाले, "बरं आहे," आणि ठोकळा भंगारात टाकून दिला.

पुढे मशीनवर आल्यावर त्यांचा एकच शब्द चालायचा. "वाच." मायक्रोमीटर तिच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, वाच. ती आकडा सांगायची. "पुन्हा वाच." ती पुन्हा सांगायची. इंचाचे हजार भाग केले की त्यातला एक म्हणजे थाऊ, आणि तिथे सगळा कारभार थाऊंचा. ड्रॉइंग पुढ्यात धरून म्हणायचे, "हे भोक कुठून किती?" तीही वाचायची. मशीनच्या चाकावरचे बारीक आकडेही तीच वाचायची. तिला वाटायचं, हा माणूस खडूस आहे, पण मेहनत करून घेतोय. इतर शिकाऊ पोरं दोन दोन वर्षं झाडलोट करतात आणि हे मला पहिल्या वर्षी डायचं माप काढायला लावतायत.

एप्रिलात एका सकाळी मास्तरांनी तिला स्टोअरमधून ड्रॉइंग आणायला पाठवलं. काउंटरवर कागदांचा पसारा होता. तिनं वरचा घडी घातलेला कागद उचलला, आणून त्यांना दिला आणि ड्रिल बदलायला वळली. मास्तरांनी कागद उलगडला, मान तिरकी करून बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हं. कालच्यासारखंच आहे. दोन नंबरच्या भोकापासून सुरू कर."

ओडेटनं त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ते युनियनच्या सहलीचं पत्रक होतं. वर बदकाचं चित्रही होतं.

तिनं पत्रक त्यांच्या हातून घेतलं, जाऊन खरं ड्रॉइंग आणलं आणि दोन नंबरचं भोक शोधायला लागली. जेवणाच्या सुटीत मात्र मास्तर नेहमीसारखे बाकावर बसून राहिले नाहीत. "बाहेर चल," म्हणाले. माल चढवायच्या धक्क्यावर दोघं पाय सोडून बसले. पलीकडच्या रस्त्याकडेला अजून काळपट बर्फ होता.

"कसला कागद होता तो?" त्यांनी विचारलं.

"सहलीचं पत्रक."

"हं." त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतली. कप भरत आला की ते बोट आत धरून पाहतात, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. "मधोमध डाग पडलाय दोन्ही डोळ्यांत. कडेकडेनं दिसतं. चालता येतं, बस पकडता येते. वाचता येत नाही. डॉक्टर म्हणतो, उपाय नाही, वाढतच जाणार. तुझा चेहरा मी अजून पाहिलेला नाही, पोरी. कान पाहिलाय."

"कसा आहे?"

"बरा आहे. मोठा आहे."

तिला हसू आलं आणि मग आलं तितक्याच झटकन ते गेलं. "मास्तर, हात जाईल तुमचा एखाद दिवशी. नाहीतर माझा."

"माझे हात मला ठाऊक आहेत. मशीन मला ऐकू येतं. आकडे तेवढे जमत नाहीत." त्यांनी तिच्या कानाच्या पलीकडे पाहिलं. "पासष्टला पूर्ण पेन्शन. अजून चार वर्षं. तू वाच, मी शिकवतो. सगळं शिकवतो. जे वेनलासुद्धा येत नाही ते. नको असेल तर आत्ता आत जाऊन सांग त्याला, मी राग धरणार नाही."

ओडेट आत गेली आणि कोणाला काही बोलली नाही.

त्यानंतर जे शिक्षण सुरू झालं तसं त्या कारखान्यात कोणाला मिळालं नव्हतं. मास्तरांनी आकडे तिच्यावर सोपवले आणि बाकी सगळं तिच्या हातात उतरवायला घेतलं. डोळे मिटायला लावून ते तिला टूलचा आवाज ओळखायला शिकवत: धार गेली की आवाज कसा बसका होतो, जॉब चकमध्ये सैल असला की कसा थरथरतो. भोकात गेज बसवताना बोटाला किती अडकलं पाहिजे, ते तिची बोटं आपल्या बोटांत धरून दाखवत. "इथं. आता कळलं? नाही कळलं. परत." दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला ती नखानं अर्ध्या थाऊची पायरी सांगू लागली. तिसऱ्या वर्षी वेननं अवघड जॉब सरळ त्यांच्या कोपऱ्यात पाठवायला सुरुवात केली.

लोक टोमणे मारायचेच. डेल म्हणायचा, "काय मेलोशबाई, म्हाताऱ्याला डोळा मारता वाटतं? कायम चिकटलेल्या!" ती म्हणायची, "तुला मारला असता, पण तुझ्या लेथसारखाच तूही वाकडा चालतोस." शेड हसायची. डेलही हसायचा. चिकटून राहण्याचं कारण कोणाच्या ध्यानात येत नव्हतं, आणि दोघांना तेच हवं होतं.

घरी ओडेट आणि तिचे वडील, दोघंच. वडिलांनी तीस वर्षं प्रेसवर काढलेली, कान गेलेले. ती त्यांना कारखान्यातलं काही सांगायची तर ओरडून सांगावं लागायचं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. त्यामुळे ती कुणालाच सांगितली गेली नाही.

एकोणनव्वदचा फेब्रुवारी आला तेव्हा मास्तरांना पासष्ट व्हायला चौदा महिने उरले होते. ओडेटचे शिकाऊपणाचे आठ हजार तास पुरे होत आले होते, आणि खरं सांगायचं तर ती थोडी चढली होती. आपल्याशिवाय म्हाताऱ्याचं पान हलत नाही, हे तिला माहीत होतं. कधीकधी मास्तर "पुन्हा वाच" म्हणायचे आणि ती पुन्हा न वाचता तोच आकडा पुन्हा सांगायची.

त्या मंगळवारी जिग बोअररवर, म्हणजे नेमक्या मापाची भोकं पाडायच्या मशीनवर, एका मोठ्या डायचा खालचा ठोकळा होता. सात आठवडे चौघांनी त्याच्यावर काम केलं होतं. डायचे दोन भाग जुळवून धरणाऱ्या गाईड पिनांची चार भोकं शेवटची. दीड इंचाची, अर्ध्या थाऊपलीकडे फरक चालणार नाही. तीन झाली होती. दुपारी दोनला ओडेटची कॉलेजात लेखी परीक्षा होती, आणि अकरा वाजून गेले होते.

चौथ्या भोकात मास्तरांनी रुंदी पकडणारं गेज घातलं, डोळे मिटून हलवलं, त्याच मापावर आवळलं आणि बाहेर काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते मायक्रोमीटरमध्ये धरलं. मायक्रोमीटरची मूठ एकदा पूर्ण फिरली की पंचवीस थाऊ पुढे जाते. दांड्यावरची एक रेघ अर्धी झाकलेली असली आणि ती मोजायची राहिली तर आकडा बरोबर पंचवीसनं चुकतो. पहिल्या आठवड्यात शिकाऊ माणसाला हेच सांगतात.

"एक पूर्णांक चारशे बहात्तर," ती म्हणाली. "अठ्ठावीस काढायचेत."

मास्तरांनी बोट भोकात घातलं. "नाही. जवळ आलंय. हाताला जवळ वाटतंय. पुन्हा वाच."

"चारशे बहात्तर."

"मूठ सोडून परत धर आणि मग वाच."

ओडेटची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. "मास्तर," ती म्हणाली, "मला वाचता येतं."

त्यांनी बोट भोकातून काढलं, मान हलवली, आणि तिनं तीन थाऊ शेवटच्या हातासाठी राखून टूल पंचवीसनं बाहेर सरकवलं. मशीन सुरू झालं. मास्तर कान देऊन उभे होते. टूल अर्ध्यावर गेलं असेल नसेल, त्यांचा चेहरा बदलला. "थांबव," ते म्हणाले. "थांबव, जास्त खातंय!" तिनं थांबवलं. पण पिन वरून सोडली तर ती भोकाच्या कडेवर न अडकता आत घसरली आणि टूल पोचलं होतं तिथवर जाऊन खणकली.

ओडेटनं गेज पुन्हा मायक्रोमीटरमध्ये धरलं. ती रेघ तिथे होती, अर्धी झाकलेली. "मास्तर," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"किती?"

"पंचवीस. एक फेरा."

"हं," ते म्हणाले.

भोकात बुश, म्हणजे पोलादी नळी, घालून डाय चालवता आली असती, पण त्या कडेला ठोकळ्याची भिंत आधीच पातळ, आणि गिऱ्हाईक बुश घेणार नव्हतं. वेन टुली आला, त्याच्यामागोमाग कारखान्याचा मालक धाकटा क्विलनही ऑफिसातून उतरून आला. आजूबाजूची मशीनं एकेक करून थांबली.

"कोणी मोजलं हे?" क्विलननं विचारलं.

"मी," शोमोदी म्हणाले.

ओडेटनं तोंड उघडलं. तिच्याकडे न वळता त्यांनी हात मागे करून तिचं मनगट धरलं. "पोरीचा संबंध नाही. ती पिन आणायला गेली होती."

"बत्तीस वर्षांत तुमच्या हातून असं कधी झालं नाही," क्विलन म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. बहुतेक प्रकरण तिथेच मिटलंही असतं. पण वेन काही वेळ मास्तरांकडे बघत राहिला, मग त्यानं बाकावरचा मायक्रोमीटर उचलला, मूठ कुठेतरी फिरवली आणि पुढे केला.

"शोमोदी, हे जरा वाचा."

मास्तरांनी तो घेतला. खिडकीकडे धरला, मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला. अंगठ्यानं मुठीवरच्या रेघा चाचपल्या. शेडमध्ये फक्त वरच्या हीटरचा पंखा चालू होता.

"तीनशे दहा," ते म्हणाले.

वेननं मायक्रोमीटर परत घेतला आणि क्विलनला दाखवला. डेल जवळच उभा होता. त्यालाही दिसला असावा. "अरे देवा," तो म्हणाला, "म्हाताऱ्याला दिसतच नाही. इतकी वर्षं आपण याच्या शेजारी मशीन चालवतोय!" तो घाबरलेला होता, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

ओडेट तिथे उभी होती. आत्ता बोलायचं, असं ती स्वतःला सांगत होती. मीच वाचलं, चार वर्षं मीच वाचतेय, असं म्हणायचं. मनगटावर मास्तरांची बोटं अजून होती. मग ती सुटली, क्विलन त्यांना घेऊन वर ऑफिसात गेला, आणि ती बोलली नाही. दोन वाजता ती परीक्षेला गेली. पास झाली.

मास्तर त्याच दिवशी घरी गेले. सुरक्षेचा मोठा भंग म्हणून कामावरून काढलं, पूर्ण पेन्शन नाही. बाकीच्यांनी ओडेटची कीव केली. "वापरून घेतलं तुला त्यानं," डेल म्हणाला आणि पहिल्यांदाच तिला स्वतःच्या थर्मासमधली कॉफी दिली. ती तिनं प्यायली.

रविवारी ती त्यांची हत्यारांची पेटी पोचवायला गेली. पेटी जड, पायऱ्या निसरड्या. दार त्यांच्या बायकोनं, मार्गितबाईंनी उघडलं. उंच, हाडकुळ्या, एप्रनला हात पुसत आलेल्या.

"ठेव तिथंच," त्या म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात तिला बसवून खसखशीच्या रोलचा तुकडा पुढे ठेवला आणि आवाज खाली आणून बोलायला लागल्या. "तीन वर्षं झाली मी सांगतेय, सोड म्हणून. मला म्हणायचा, दिसतंय अजून, भागतंय. काय दिसत होतं? चमचा सापडत नाही त्याला. कोणाचा जीव गेला असता म्हणजे? हट्ट. सगळा जन्म ह्याच्या हट्टाखाली गेला माझा. चौदा महिने राहिले होते गं, आणि स्वतःच्या हातानं घालवलं."

ओडेट खाली बघत रोल कुस्करत राहिली. मापं ओडेट वाचायची, हे त्यांनी घरीही सांगितलेलं नव्हतं. ना आता, ना आधी कधी.

शोमोदी पुढच्या खोलीत रेडिओजवळ बसले होते. तिनं दार लोटून घेतलं.

"मास्तर, उद्या मी सांगते त्यांना."

"काय सांगशील?"

"मी वाचलं म्हणून. चूक माझी होती म्हणून."

"मग मला डोळे येतील?" त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला. "मला परत घेणार नाहीत. तुला काढतील. चार वर्षांचं काम माझं, ते कुठं जाईल?"

"पण तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी नाही." त्यांनी पहिल्यांदाच मान पूर्ण तिच्या दिशेनं वळवली, तिथे त्यांना काही दिसत नव्हतं तरी. "मी तुला सांगितलं होतं, पुन्हा वाच."

"हो."

"मग का नाही वाचलं?"

"घाई होती मला."

"माझ्या हाताला कळलं होतं," ते म्हणाले. "मी हाताचं ऐकलं नाही. तुझं ऐकलं. आता मी रोज इथं बसून तेच करतो, पुन्हा पुन्हा बोट घालून बघतो. तू आलीस की ते आणखी वाढेल. तर आता जा, आणि येऊ नकोस."

ती गेली.

तरीही मे महिन्यात ती वेन टुलीच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. तीन महिने तिला नीट जेवण गेलं नव्हतं. वडील विचारायचे, "आजारी आहेस का?" आणि ती ओरडून "नाही" म्हणायची. वेन कागद भरत होता.

"टुलीसाहेब, ते चौथं भोक. मोजमाप मी वाचलं होतं. सगळंच मी वाचत होते."

वेननं पेन खाली ठेवलं नाही. "मग? ज्याला तीनशे दहा आणि सहाशे चाळीस यातला फरक दिसत नाही, तो चार वर्षं अर्ध्या थाऊत काम कसा करत होता, हे मला कळत नसेल असं वाटतं तुला?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मायक्रोमीटर त्याच्या हातात दिला तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करायचं होतं? त्याला तर जावंच लागणार होतं. आंधळा माणूस मशीनवर ठेवला तर उद्या मी तुरुंगात. त्याची जागा घेईल असा एकच माणूस या शेडमध्ये आहे, आणि तीही घालवून बसू?" त्यानं पान उलटलं. "क्विलनला हे माहीत नाही. त्याला कळायची गरजही नाही. डेलच्या डायचा वरचा भाग आलाय, तो बघ जाऊन. आणि दार लावून घे."

आपण कबुली दिली की कोणीतरी संतापेल, आरडाओरडा होईल, निदान पगार तरी कापला जाईल, असं तिला वाटलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. ती डेलच्या डायचा वरचा भाग बघायला गेली. त्याच्यात दोन चुका होत्या, त्या तिनं काढल्या.

ऑक्टोबरात तिची शेवटची परीक्षा झाली. प्रमाणपत्र पोस्टानं आलं. वडिलांनी ते चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. क्विलननं हात मिळवला, छायाचित्र काढून घेतलं. या भागातली डाय बनवणारी पहिलीच बाई, असं वर्तमानपत्रात छापून आलं. छायाचित्रात ती मायक्रोमीटर धरून उभी होती, कारण छायाचित्रकारानं तसंच सांगितलं होतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी ती बाजारात गेली. मासळीच्या दुकानापाशी वळली तर समोर मार्गितबाई, हातात कोबीच्या लोणच्याची बरणी. दहा पावलांवर सॉसेजवाल्याच्या गाळ्याशी शोमोदी भिंतीला लागून उभे होते. पांढरी काठी होती हातात. दहा महिन्यांत माणूस निम्म्यानं उतरला होता, कोट खांद्यावरून लोंबत होता.

"वर्तमानपत्रात बघितलं तुला," मार्गितबाई म्हणाल्या. "त्याला वाचून दाखवलं मी. काही बोलला नाही. हल्ली बोलतच नाही कुणाशी. मीही टोचून बोलण्यापलीकडे काही बोलत नाही. काय बोलायचं? एकाच घरात दोन भाडेकरूंसारखे राहतो आम्ही. मनातून जात नाही गं माझ्या. एवढंसं ऐकलं असतं माझं..."

"मार्गितबाई," ओडेट म्हणाली, "ती चूक त्यांची नव्हती."

मग तिनं सगळं सांगितलं. माणसं धक्के देत जात होती, मासळीवाला बर्फ फोडत होता, आणि ती सांगत होती: सहलीचं पत्रक, चार वर्षांचं वाचन, अर्धी झाकलेली रेघ. पुन्हा वाच असं ते दोनदा म्हणाले आणि मी मला वाचता येतं असं म्हटलं, हेही तिनं सोडलं नाही. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही, आणि त्याचंच तिला नंतर नवल वाटलं.

मार्गितबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. रागानं असेल असं ओडेटला वाटलं. पण त्या बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता.

"दहा महिने," त्या म्हणाल्या. "रोज जेवताना मी त्याला ऐकवतेय. रोज. आणि तो मान खाली घालून सूप पीत बसतो."

"मी आधीच यायला हवं होतं."

"हो. यायला हवं होतंस." त्यांनी बरणी पिशवीत घातली. ती नीट बसेना, त्यांनी काढून पुन्हा घातली. "आता मी त्याच्याशी काय बोलू? सांग ना. तू शिकलेली आहेस. आता घरी जाऊन कुठून सुरुवात करू?"

मार्गितबाई थोडं थांबल्या, मग वळून सॉसेजच्या गाळ्याकडे गेल्या. त्यांनी नवऱ्याचा कोपर धरला. शोमोदींनी विचारलं असावं, कोण होतं. ओडेटला एवढंच दिसलं की त्यांनी मान वर केली, आणि मार्गितबाईंनी उत्तर न देता त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं. मग दोघं दाराकडे चालू लागली. गर्दीत ओडेट अगदी वाटेवर होती. ते तिच्या हातभर अंतरावरून गेले. ती बोलली असती तर त्यांनी आवाज ओळखला असता. ती बाजूला सरली.

मार्चमध्ये टायपिस्टबाईंकडून कळलं की शोमोदींनी घर विकलं आणि दोघं हॅमिल्टनला मुलीकडे राहायला गेली. पत्ता कोणाकडे तरी होता. पत्र लिहावं असं ओडेटच्या मनात बरेच दिवस येत राहिलं. बाजारात बोललं गेलं त्यानंतर त्या घरात काय झालं, त्या दोघांचं बोलणं सुरू झालं की उरलंसुरलंही तुटलं, एवढंच तिला विचारायचं होतं. पण पत्र गेलं तरी ते त्यांना वाचून दाखवायचं मार्गितबाईंनीच. तिनं ते लिहिलं नाही.